काखेतला फौजदार

मी पायरी उतरले की आधी त्याचा एक पंख खाली.
जमिनीला घासत, तिरका तिरका चालत येतो,
जणू हळदीत नाचायलाच आलाय.
मग मान फुलते.
मग माझी पोटरी.

करावे गावात आमच्या घरामागे
बारा बाय नऊची मोकळी जागा उरलीय.
एक शेवगा, एक फुटका हौद, सहा कोंबड्या,
आणि पेणच्या बाजारातून कोंबडी म्हणून आणलेला हा.
भिंतीपलीकडे सोसायटी, चोवीस मजले.
त्यांच्या आजवर दोन तक्रारी: एक आरवण्याची,
दुसरी लेखी, तीही आरवण्याचीच.

मीटरवाल्या पोराची पँट फाटली.
गॅसवाला सिलिंडर गल्लीतच ठेवतो
आणि हाक मारायच्या आधी पळतो.
मी सुपाची ढाल करून अंडी गोळा करते,
माझ्याच परसात, चोरासारखी.

सासू, पदीबाई, ओट्यावर सुकट निवडत म्हणते,
“काप त्या कोंबऱ्याला. आयतवार हाय.”
दर आयतवारी म्हणते.

काठी घेतली. काठी म्हणजे त्याला आवतण.
पाणी मारलं. भिजून निम्मा झाला, राग तेवढाच.
एकदा लाथ मारली, खरं सांगते.
हौदावर आपटला, उठला, पिसं झाडली
आणि परत आला.
त्या रात्री मला घास गिळेना.

उरणची रखमामावशी फोनवर हसली.
“मागं पाऊल घेतेस ना? त्याच्या हिशेबी तो जिंकला.
उचल त्याला. काखेत मार आणि तुझी कामं कर.
कोंबड्यांना दाणे टाक, तो काखेत.
त्यांनी बघितलं पाहिजे.”

टॉवेल टाकून धरला.
एवढंसं वजन! निम्मी तर पिसंच.
आणि आत काहीतरी धडधडतंय,
सिग्नलला थांबलेल्या रिक्षासारखं.
दळण आणायला गेले, तो काखेत.
गिरणीवाला म्हणाला, “दोघांचंही दळायचं का?”
टॉवरमधल्या बाईने फोटो काढला.
तो लग्नातल्या नवरदेवासारखा
भलतीकडेच बघत राहिला.
आठ दिवस असे. नवव्या दिवशी काखेतच झोपला.

काटे मात्र वाढले होते, चालताना त्याचे त्यालाच टोचायचे.
रात्री, त्याला दिसत नाही तेव्हा,
उकडलेला गरम बटाटा एकेका काट्यावर खोचून धरला,
बटाटा पायाला लागू न देता, मनात तीनशे मोजत,
मग अलगद पीळ.
वरचं टरफल सुटलं, करंगळीच्या पेराएवढं.
आतलं कोवळं, गुलाबी, तान्ह्याच्या हिरडीसारखं.
पाय पदीबाईने धरले होते.
हीच, दर आयतवारवाली.
म्हणाली, “हलू गो.”

आता तो मला वाट देतो.
मी आले की दोन पावलं बाजूला होऊन
नसलेला दाणा टिपल्याचं नाटक करतो.
बाकी जगाशी त्याचा काही करार नाही.

काल दीर आले, बाळाराम. नवे पांढरे बूट.
हसुराम गेल्यापासून महिन्यातून एकदा येतातच,
कागद घेऊन, पेनाचं टोपण आधीच काढून.
मागच्या दाराने आले, घरचेच ना.
मी म्हटलं, “भावजी, पळू नका.
पळणाऱ्याच्याच मागे लागतो तो.”
पळाले.
शेवग्याला एक फेरी, हौदाला दोन.
कागद मातीत, कागदावर कोंबड्या.

उचलणारच होते मी त्याला.
गाऊन खोचला. हात पुसले.
पुन्हा एकदा पुसले.
ओट्यावर पदीबाई सुकट निवडत होती,
मान वर न करता.
आयतवार होता.
काही म्हणाली नाही.